पूर्ण समाधान झाल्यानंतर

करारावर सही करायची त्या दिवशी पडदेवालीचं अर्धं लक्ष मॅनेजरच्या खोलीबाहेर होतं. खोलीच्या भिंतीत एक चौकोनी काच होती आणि तिच्यातून थेट रिकामा रंगमंच दिसत होता. नाट्यगृहाची डागडुजी चालली होती. खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, भिंतींचा रंग अजून ओला, आणि रंगमंच उघडाबोडका. त्याच्या पुढ्यात आपण शिवलेला पडदा लागणार, या विचारानेच तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. आजवर तिने घरांचे पडदे शिवले होते, दवाखान्यांचे, दोन-चार हॉटेलांचे. एवढं मोठं काम कधीच नाही.

कागद वाचत होती ती तिची नणंद. दुकान दोघींचं भागीदारीत होतं. शिवण वहिनीची, बोलणी आणि हिशेब नणंदेचे. नणंद नवऱ्याहून मोठी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून वाचायची आणि स्वल्पविरामाकडेसुद्धा संशयाने बघायची.

"हे काय लिहिलंय?" तिने एका ओळीवर बोट टेकवलं. "तीस टक्के इसार, ठीक. पडदा टांगल्यावर चाळीस, तेही ठीक. आणि उरलेले तीस 'मालकांचे पूर्ण समाधान झाल्यानंतर'. म्हणजे कधी?"

"म्हणजे समाधान झालं की लगेच," मॅनेजर म्हणाला. तरुण होता, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या, बोलणं गुळगुळीत. "नेहमीचीच भाषा आहे. खुर्चीवाल्यांनी सही केली, रंगवाल्यांनी केली."

"ते समाधान मोजायचं कोणी? आमच्या टेपने मोजता येईल का?"

"ताई," पडदेवाली हळूच म्हणाली.

"थांब गं. आमच्या आईचं जन्मभरात एकदाही पूर्ण समाधान झालं नाही. पोटभर जेवून उठली तरी म्हणायची, छान होतं, पण... त्या 'पण'चीच मला धास्ती वाटते. साहेब, इथे एखादी तारीख घाला ना."

मॅनेजर हसला, पण तारीख काही घातली नाही. मसुदा ठरलेला आहे, बदलायचा तर मालकांना विचारावं लागेल, त्यात आठवडे जातील, आणि दुसरे दोघे पडदेवाले कालच येऊन गेले, असं त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

जिन्यात येऊन दोघी बोलल्या. नणंद म्हणाली, सोडून देऊ. पडदेवाली म्हणाली, मी हात जोडते, पण हे काम सोडायचं नाही. "आपण काम चोख करू. मग समाधान न व्हायला काय झालं?" नणंदेने चष्मा डबीत ठेवला. "सही कर जा," ती म्हणाली. "माझी नको. तुझीच कर."

पडदा शिवायला दुकान पुरेना म्हणून त्यांनी एक रिकामं गोदाम भाड्याने घेतलं. गडद डाळिंबी रंगाची मखमल व्यापाऱ्याकडून उधारीवर आली. त्याच्या बिलावर समाधान वगैरे भानगड नव्हती. तिथे तारीख होती, आणि तारीख चुकली तर व्याज किती तेही छापलेलं होतं. पडदेवालीने जमिनीवर चादरी अंथरून त्यावर मखमल पसरली. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला राहायला हवी, नाहीतर दिव्याखाली एक पट्टा काळा आणि एक पट्टा लाल दिसतो. वर जाड नवारीची पट्टी, पट्टीला हूक, मागे अस्तर, तळाच्या दुमडीत वजनासाठी साखळी. मशीनवर वाकून वाकून तिची मान धरली. नवरा टेम्पो चालवायचा. संध्याकाळी येऊन तो मखमलीचं ओझं दोन्ही हातांवर उचलून धरी आणि ती त्याखालून कापड सरकवत शिवत जाई. "माझे हात भरून आले," तो म्हणायचा. "मग खांद्यावर घ्या," ती म्हणायची.

पडदा टांगला गेला, मॅनेजरने बटण दाबलं, आणि ती डाळिंबी भिंत मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना आवाज न करता गेली. खुर्च्या पुसणाऱ्या बायकासुद्धा हातातली फडकी तशीच धरून बघत राहिल्या. दुसरा हप्ता वेळेवर आला. नाट्यगृह सुरू झालं.

मग तक्रारी सुरू झाल्या.

आधी म्हणाले, डावीकडचा पडदा जमिनीपासून बोटभर वर आहे. होता. तिने जाऊन साखळी सारखी केली. नंतर म्हणाले, दिव्याखाली रंग जरा तपकिरी वाटतो. तिने त्यांनीच सही करून दिलेला नमुना नेऊन शेजारी धरला. मॅनेजर म्हणाला, "हो, तसा तोच आहे म्हणा." पण पैशांचं नाव नाही. मग उघडताना करकर येते म्हणाले. करकर पडद्याची नव्हती, रुळाची होती, आणि रूळ दुसऱ्याने बसवलेला. तरी नवरा शिडी लावून वर चढला आणि तेल घालून आला. त्यानंतर पडदेवालीने विचारलं, "आता झालं समाधान?"

मॅनेजरने काचेतून पडद्याकडे पाहिलं. हनुवटी खाजवली. "तसं सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण एकंदरीत काहीतरी कमी वाटतंय."

"काय कमी वाटतंय?"

"तेच नेमकं सांगता येत नाही ना."

त्या दिवसापासून तिच्या जिवाची चैन गेली. बोटभर वर असलेली कड खाली करता येते. तपकिरी रंगाला नमुना दाखवता येतो. पण एकंदरीत काहीतरी कमी वाटत असेल तर सुई नेमकी कुठे टोचायची? तिला वाटायला लागलं, खरंच आपलं काहीतरी चुकलं असेल. ती तिकीट काढून खेळाला जायची आणि नाटक सोडून पडदा बघत बसायची. मध्यंतर झालं की पुढे जाऊन चुण्या मोजायची. एकदा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?" ती नाही म्हणाली आणि दुसऱ्या अंकाच्या आधीच घरी निघून आली.

घरीही बूड टेकेना. भाजी चिरता चिरता उठून खिडकीचा पडदा सारखा करायची. बँकेत गेली तर तिथल्या पडद्याची कड उलटी करून टाके बघायला लागली, तेव्हा रखवालदाराने तिला हटकलं.

"अगं, जरा बस ना," नवरा म्हणायचा. "तुझ्या फेऱ्या बघून मलाच दम लागतो."

"तुम्हाला काय जातं बसायला सांगायला? मखमलवाल्याचा फोन मी घेते."

मखमलवाल्याच्या फोनची चढती भाजणी चालू होती. पहिल्या आठवड्यात तो तिला ताई म्हणाला, दुसऱ्या आठवड्यात मॅडम, आणि आता नुसतंच "हं, बोला." व्याज लागायला सुरुवात झाली होती. दुकानातल्या दोन शिवणाऱ्या बायकांचा पगार नणंदेने आपल्या साठवणीतून दिला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पडदेवालीला तेच जास्त लागलं. शेवटी एके दुपारी तीच म्हणाली, "बोलून टाका ना ताई, एकदाचं. मी सांगितलं होतं म्हणा."

"मी सांगितलं होतं," नणंद म्हणाली. "आता बरं वाटलं का?"

"नाही."

"मलाही नाही."

त्या दोघी एका वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी करार वाचला, आणि शेवटच्या कलमाशी आल्यावर ओठ मुडपले. दावा लावता येईल, त्या म्हणाल्या. कोणाच्या मनात येईल तेव्हाच समाधान, असा अर्थ न्यायालय सहसा घेणार नाही, वाजवी माणसाचं समाधान धरेल. पण निकालाला किती काळ लागेल ते कोणी सांगावं. "तुम्ही नुसतं 'समाधान' लिहू दिलंत. कोणाचं, कशावरून, किती दिवसांत कळवायचं, आणि त्यांनी काहीच कळवलं नाही तर काय समजायचं, यातलं एक तरी लिहून घ्यायला हवं होतं."

"मी म्हटलं होतं तारीख घाला," नणंद पुटपुटली.

"नुसती तारीखही पुरत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तारीख कशापासून मोजायची तेही लिहावं लागतं. बिल दिल्यापासून, की माल पोचल्यापासून, की त्यांनी तो पसंत केल्यापासून. पसंत केल्यापासून असेल तर गाडी पुन्हा तिथेच अडते."

परतताना पडदेवाली रेंगाळत मागे राहिली. नणंदेला वाटलं ती खचली. पण तिच्या डोक्यात एक भुंगा शिरला होता. त्यांचं समाधान झालेलं नाही, तर मग ते पडदा वापरतात कसा?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, टेम्पो काढा. शिडी घ्या, आणि गोदामातल्या चादरी पण घ्या.

"कुठे निघालो?"

"माल परत आणायला."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर असं काही होतं की तो निमूटपणे शिडी बांधायला गेला. नणंदेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने कायदा सांगितला असता, आणि तो बरोबरच असता.

नाट्यगृहात संध्याकाळच्या खेळाची तयारी चालली होती. रंगमंचावर एक पलंग, दोन खुर्च्या आणि खोटं दार उभं होतं. दिवेवाला वर काहीतरी करत होता. पडदेवालीने चादरी जमिनीवर अंथरल्या, नवऱ्याने शिडी लावली, आणि ती स्वतः वर चढली. पहिला हूक काढला. दुसरा. मखमलीचा कोपरा खाली लोंबकळायला लागला.

तिसऱ्या हुकाशी मॅनेजर धावत आला.

"अहो बाई! काय चालवलंय काय तुम्ही?"

"पडदा काढतेय," ती वरूनच म्हणाली. "तुम्हाला पसंत नाही ना? नापसंत माल ग्राहकाच्या गळ्यात मारायची आमची रीत नाही."

"पण सहा वाजता खेळ आहे! तिकिटं संपलीयत!"

"मग तुम्ही खेळ करा. मी कुठे नाटक बंद करतेय?"

"सत्तर टक्के पैसे दिलेत आम्ही!"

"दिलेत ना. हिशेब करू आपण. इतके दिवस वापरलात त्याचं भाडं धरू, बाकीचे परत देईन." परत द्यायला तिच्याकडे छदामही नव्हता. शिडी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला ते माहीत होतं, आणि त्याने शिडी आणखी घट्ट धरली.

मॅनेजर पोलिसांना बोलवतो म्हणाला. ती म्हणाली, बोलवा, त्यांना पण विचारू की एकंदरीत काय कमी वाटतंय. चौथा हूक निघाला. नट-नट्या खोट्या दाराआडून बघायला लागल्या. दिवेवाल्याने उगाच एक दिवा तिच्यावर टाकला आणि मॅनेजरने ओरडल्यावर बंद केला.

शेवटी मॅनेजरने फोन लावला. "मावशी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तू जरा खाली येतेस का? आत्ताच्या आत्ता."

नाट्यगृहाच्या मालकीणबाई वरच्या मजल्यावरच राहत होत्या. हे पडदेवालीला ठाऊकच नव्हतं. मालक म्हणजे कोणीतरी लांब, मोठ्या गाडीतला पुरुष, असं तिने गृहीत धरलं होतं. आल्या त्या एक उंच, वाळलेल्या अंगाच्या बाई, काठी टेकत, घरातल्या चपला घालून. मॅनेजर त्यांच्या बहिणीचा मुलगा होता. त्याने भराभर सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि मान वर केली.

"तुम्ही खाली येता का मी वर येऊ?" त्यांनी विचारलं.

पडदेवाली खाली उतरली.

"माझं समाधान झालं नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"यांनी."

"मला तर कोणी विचारलंच नाही." त्या पडद्याजवळ गेल्या. मखमल मुठीत धरून सोडली, लव उलटी फिरवून बघितली, काठीच्या टोकाने तळाची साखळी चाचपली. मग भाच्याकडे वळल्या. "काय कमी आहे यात?"

मॅनेजरने दुमडलेली बाही आणखी वर सारली.

"अरे, मी विचारतेय. बाईंनी शिडीवर चढावं इतकं काय कमी आहे?"

"पैसे कमी आहेत," तो म्हणाला. त्याचा गुळगुळीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "डागडुजीचा खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, मावशी. खुर्चीवाल्याचे द्यायचेत, रंगवाल्याचे द्यायचेत. ते कलम होतं म्हणून सगळे थांबले. नाहीतर खेळच सुरू झाले नसते. आता खेळ झाले की पैसे येतील, आले की देणारच होतो."

"मग तसं सांगायचंस."

"कसं सांगणार? नाट्यगृहाकडे पैसे नाहीत असं गावभर झालं असतं."

पडदेवालीला इतके दिवस वाटत होतं की खरं कारण कळलं तर आपण याचा गळा धरू. तसं काही झालं नाही. तिला एकदम थकल्यासारखं झालं आणि ती खोट्या खोलीतल्या पलंगावर बसली. "माझा रंग चुकला, माझ्या चुण्या चुकल्या असं वाटून मी रात्र रात्र जागले," ती म्हणाली. "तुम्ही पैसे नाहीत म्हणाला असतात तर मी भांडले असते. पण झोपले तरी असते."

मालकीणबाई शेजारच्या खुर्चीत टेकल्या. त्या काही गोड वगैरे बोलल्या नाहीत. "हे बघा," त्या म्हणाल्या, "समाधानाचं म्हणाल तर ते मला हल्ली कशानेच होत नाही. नव्या खुर्च्यांनीही नाही. जुन्या बऱ्या होत्या. पण तुमचं काम मापाप्रमाणे आहे आणि नमुन्याप्रमाणे आहे. एवढं मी लिहून देते. पैसे मात्र आज मागू नका, ते नाहीत."

"मग केव्हा?"

"येतील तसे."

"तसं नको," पडदेवाली म्हणाली. ती पलंगावरून उठली. "'येतील तसे' म्हणजे पुन्हा तेच. महिना सांगा, तारीख सांगा, आकडा सांगा. कमी सांगा, पण सांगा. आणि चुकलं तर मखमलवाला मला लावतो तेवढं व्याज."

मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. व्याजावर घासाघीस झाली. नटांपैकी एक पुन्हा पुन्हा घड्याळ दाखवत होता. शेवटी तीन हप्ते ठरले, प्रत्येकाला महिन्याची पहिली तारीख. व्याज निम्म्यावर आलं. मॅनेजरने करार आणला, समाधानाच्या ओळीवर आडवी रेघ मारली, बाजूला नवी अट लिहिली, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. काम मापाप्रमाणे आणि नमुन्याप्रमाणे मिळाले, अशी एक वेगळी ओळ मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

मग पडदेवाली पुन्हा शिडीवर चढली आणि काढलेले चार हूक बसवले. खाली येऊन एकेक चुणी हाताने सारखी केली. दारं उघडली तेव्हा प्रेक्षकांना काही कळलं नाही.

नणंदेला ते दुकानात कळलं, नवऱ्याच्या तोंडून, आणि तिखटमीठ लावून. ती आधी रागावली. पोलीस आले असते तर? सत्तर टक्के परत मागितले असते तर काय विकणार होतीस, मशीन? पडदेवालीने सगळं ऐकून घेतलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. मग नणंद एकदम थांबली आणि म्हणाली, "'भाडं धरू' म्हणालीस? खरंच?" आणि हसता हसता तिला ठसका लागला.

पहिले दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा लांबला. पडदेवालीने फोन केला तेव्हा मॅनेजरने कारणं सांगितली नाहीत. म्हणाला, या वेळी खेळ कमी झाले, दहा दिवस द्या, व्याज लावा. दहा दिवसांनी व्याजासकट पैसे आले. मखमलवाल्याचा हिशेब मिटला आणि तो पुन्हा ताई म्हणायला लागला. खुर्चीवाल्याला कुठून तरी बातमी लागली आणि तोही करार काखेत मारून मालकीणबाईंना भेटायला गेला, म्हणे. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

दोघी नणंद-भावजयांनी दुकानाचा स्वतःचा मसुदा तयार केला. दोन संध्याकाळी त्यावर वाद झाला. नणंदेचं म्हणणं, पडदा टांगल्यापासून आठ दिवसांत तक्रार लेखी द्यावी, नाही दिली तर काम पसंत आहे असं समजून पुढच्या आठ दिवसांत पैसे द्यावेत. पडदेवालीने एक ओळ वाढवली. प्रेक्षकांसमोर किंवा पाहुण्यांसमोर पडदा एकदा वापरला, की तो पसंत केला असं धरलं जाईल. "आणि तक्रार नेमकी हवी," ती म्हणाली. "'एकंदरीत' हा शब्द चालणार नाही, असं लिहा."

"असं लिहितात का कुठे?"

"आपण लिहू."

हा मसुदा घेऊन ती एका शाळेच्या सभागृहाचं काम ठरवायला गेली. काम चांगलं होतं, निळी मखमल, दोन बाजूंचे पडदे वेगळे. शाळेच्या बाईंनी मसुदा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आमच्याकडे पैसे वरून मंजूर होऊन येतात," त्या म्हणाल्या. "अशा तारखा आम्ही लिहून देत नाही. बाकीचे लोक इतकं कागदी करत नाहीत हो."

पडदेवालीच्या जिभेवर आलं होतं, बरं, जाऊ दे, काढा ती ओळ. निळ्या मखमलीचा नमुना टेबलावर पडला होता आणि तिचा अंगठा आपोआप त्यावरून फिरत होता. "मग तारखा मंजुरी आल्यावर लिहू," ती म्हणाली. "पण मंजुरी आल्याचं मला लेखी कळवायचं, आणि मंजुरी येईपर्यंत मी कापडाला कात्री लावणार नाही."

"विचार करून सांगते," बाई म्हणाल्या.

आठवडा गेला, फोन आला नाही. पडदेवाली रोज दुकानात आल्यावर विचारायची आणि नणंद मान हलवायची. एकदा नणंदच म्हणाली, "वहिनी, पैसे द्यायच्या आठ दिवसांचे पंधरा करू का? मी त्यांना फोन करते." पडदेवालीने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. हातात कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा होता, साधा सुती, पिवळ्या चौकटींचा, आणि गिऱ्हाईक पाच वाजता न्यायला येणार होतं.

"पंधरा करा," ती म्हणाली. "पण दिवस लिहा." आणि तिने मशीनवर पाय ठेवला.